बंडोपंतांची रिकामी थाळी

खिडकीच्या काचेवर टकटक झाली आणि दुपारची शांतता मोडली.

"आई, बंडोपंत आले!" पाच वर्षांची रेवती धावली.

बंडोपंत म्हणजे डोमकावळा. रेवतीची आई शाल्मली रोज थाळीत काऊघास ठेवी. तो पोळीचे तुकडे मोजी आणि खिडकीतलं भाषांतरयंत्र त्याची कावकाव मराठीत सांगे, "पाच तुकडे." शून्य मात्र तीन वर्षांत त्यानं कधीच म्हटलं नव्हतं. उपाशी पाखरासमोर रिकामी थाळी ठेवणं शाल्मलीच्या जिवावर येई. म्हणून त्याचं खाऊन झाल्यावर ती विचारी, "आता किती?" पोट भरलेले बंडोपंत न बोलता उडून जात.

कावळ्याला शून्य कळतं का, या तिच्या प्रयोगाची मुदत आज संपत होती. "शून्य ही माणसाचीच करामत. सोड तो नाद," असं तिच्या मार्गदर्शक सरांनी सकाळीच फोनवर सुनावलं होतं. त्या तंद्रीत ती काऊघास ठेवायलाच विसरली होती.

बंडोपंतांनी थाळीत चोच आपटली, शाल्मलीकडे रोखून पाहिलं आणि ते ओरडले.

यंत्र म्हणालं, "शून्य तुकडे."

"अगं बाई! माझ्या सोन्या, पुन्हा म्हण!"

"शून्य! शून्य!"

शाल्मलीनं रेवतीला उचलून गरगर फिरवलं, मग तूप लावलेली अख्खी पोळी थाळीत ठेवली. बंडोपंत पोळीवर तुटून पडले.

रेवतीनं त्यांच्याकडे बोट दाखवलं.

"आई, शून्य त्यांच्याकडे आधीपासूनच होतं, की आज तू विसरलीस म्हणून त्यांनी बनवलं?"