मुकादम माघारी फिरला

"चंदाबाईला सांगा... रविवारी... मुकादम येऊन राहिले... लेकरं..." एवढंच ऐकू आलं आणि फोन कटला.

चंदाबाईच्या नवऱ्यानं, लखमानं पुन्हा लावला. बंद. शुक्रवारचा दिवस बुडाला होता. दिवस बुडाला की रेबेकाबाईंचा फोन जो बंद व्हायचा, तो शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत. त्यांचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस. डोंगरकड्याकडच्या तांड्यांना हे आता पाठ झालं होतं.

रेबेकाबाई बेने इस्राएल, म्हणजे आपल्याच मराठीत बोलणाऱ्या यहुदी. ठाण्याकडच्या त्यांच्या प्रार्थनामंदिरातली, सिनेगॉगातली मंडळी औषधं आणि दुधाची पावडर पाठवायची, आणि ही नर्सबाई कळमनुरीत खोली घेऊन तांड्यातांड्यावर ती वाटायची. वाटून झालं की बाजाची पेटी पुढ्यात ओढून मोशेचं कीर्तन लावायची. चंदाबाईला त्या कीर्तनाचं भारी वेड. मिसरच्या फिरोन राजाचे मुकादम मोशेच्या गुलाम भाऊबंदांकडून विटा थापून घेतात, तिथं तिचा पदर डोळ्याला जायचा. समुद्र दुभंगून गुलाम सुटले की सगळ्यांच्या आधी टाळी तिची.

"बाईनं सावध केलं आपल्याला," ती नवऱ्याला म्हणाली. "मुकादम पोरांसाठी येऊन राहिला."

"दरसाल येतोच की ऊसतोडीला न्यायला."

"आपल्याला नेऊ दे. शिवकन्येला न्हाई."

गेल्या हंगामात मुकादमानं पोरीकडं पाहून म्हटलं होतं, "हाताशी आली की ही! पुढल्या साली हिलाबी कोयता द्या." शिवकन्या सातवीत होती. तिला उसात न्यायचं नव्हतं. पण आईबाप सहा महिने फडात, तर मागं तिला रांधून घालणार कोण? या एका सवालापुढं चंदाबाईचं काही चालत नव्हतं. तांड्यातल्या एकाही बाईचं चालत नव्हतं.

रविवारी सकाळीच सगळ्या बाया तांड्याच्या वाटेवर आडव्या बसल्या. प्रत्येकीच्या मांडीवर कोयता.

जीप आली. आतून एक म्हातारा उतरला. पांढरे कपडे, डोक्याला चिकटून बसलेली गोल टोपी, हातात काठी.

"कोण तुमी?" चंदाबाईनं विचारलं.

"मुकादम. निरोप मिळाला असेल ना?"

"मिळाला, म्हणून तर बसलो!"

"कारखान्यानं औंदा नवा धाडला वाटतं," मागून एक कुजबुजली. "याचे तर पाय लटपटून राहिले."

"लेकरं कुठं आहेत?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"आमच्या पदराआड. तिथंच राहतील."

"आणि तुम्ही ऊसतोडीला गेल्यावर?"

म्हाताऱ्यानं बराबर दुखत्या जागीच बोट ठेवलं होतं. मागं शिवकन्या तिचा पदर घट्ट धरून उभी होती. चंदाबाई उठली.

"मी न्हाई जायची. मालक जातील एकटे. मी हितंच राहीन. माझ्या एकटीच्या न्हाई, साऱ्या तांड्याच्या लेकरांच्या भाकरी थापीन आन् एकूण एक पोरगं शाळंत धाडीन!"

लखमाचा आ वासला. हे त्यालाही आत्ताच कळत होतं.

"पीठ आमी देऊ!" बायांतून आवाज उठला.

"आन् ऐका मामा," चंदाबाईला आता चेव चढला. "फिरोनाचं काय झालं ठावं हाय का? रथाघोड्यासकट पाण्यात गेला. तुमची तर नुसती जीप हाय!"

बाया खदखदल्या. म्हाताराही हसला. हसता हसता त्यानं चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं बराच वेळ पुसत राहिला.

"ठाऊक आहे, बाई," तो म्हणाला. "निघतो मी."

जीप वळली. धुरळा खाली बसायच्या आत तांड्यात डफडं कडाडलं. बायांनी फेर धरला. "मुकादमाला मोकळ्या हातानं जाताना आयुष्यात पैल्यांदा पाहिलं!" म्हणत म्हातारा रूपसिंग नाईकही फेरात शिरला. शिवकन्या तर आईच्या गळ्यालाच लोंबकळली.

दुपारी रेबेकाबाई घाम पुसत आल्या. एसटी वाटेत बंद पडली होती.

"चंदाबाई, मुकादम येऊन गेले ना गं?"

"गेले न्हाई बाई, घालवलं! तुमी आधी सांगितलं म्हणून बरं झालं."

रेबेकाबाई मटकन ओट्यावर बसल्या. "अगं, ते आमच्या सिनेगॉगचे मुकादम! आमच्यात प्रमुखाला मुकादमच म्हणतात. ऊसतोड्यांच्या लेकरांसाठी वसतिगृह बांधायचं, म्हणून आले होते."

डफडं थांबलं. चंदाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. "मग आता वो, बाई?"

"वाटेत भेटले मला. म्हणाले, विटा मिळाल्या, जागा मिळाली, पण परक्याच्या लेकराला पोटाशी धरणारी बाई कुठं मिळत नव्हती, म्हणून काम अडलं होतं. उद्या पाया खणायला घ्या. बाई मिळाली. फक्त तिला सांगा, मला जीपसकट बुडवू नको."