माहेरचे उंट

लग्न होऊन खोतानला येताना शूयुननं अंबाड्यात रेशीमकिड्यांची अंडी लपवून आणली; ती देशाबाहेर न्यायला सक्त बंदी होती. सीमेवरच्या पहारेकऱ्यांनी सगळं सामान उसकटलं, पण नवरीच्या केसांना हात लावला नाही. सासरच्या गावात तुती होती, ती फळं खाण्यापुरती. तिनं बायकांना त्याच तुतीच्या पानांवर किडे पाळायला, कोशातून धागा काढायला शिकवलं.

दर वसंतात तिचा भाऊ उंटांवर रेशीम लादून विकायला यायचा. आईनं दिलेली सुकी बोरं आणायचा.

यंदा त्याला भाचा दाखवायचा म्हणून ती बाळाला घेऊन वेशीवर उभी राहिली.

“किती वेळा त्याचं तोंड पुसशील, वहिनी? मामाच येतोय, राजा नाही,” नणंद हसली.

तांडा आला. भाऊ नव्हता.

“तो आता उत्तरेच्या वाटेनं जातो, ताई,” म्होरक्या म्हणाला. “तुमच्याकडे घरोघरी रेशीम निघतं म्हटल्यावर त्याचं इथं कोण घेणार? पण तुम्हांला हे शिकवलं तरी कुणी?”

नणंदेनं कौतुकानं शूयुनच्या खांद्यावर हात ठेवला.

“हिनंच की. आमच्या वहिनीनं.”