चौकट

“चौकट कुठल्या रंगाची?” मी छापखान्याच्या संगणकातला साचा उघडत विचारलं. बोस्नियातल्या आमच्या झेनित्सा शहरात कुणी गेलं की निधनाची सूचना छापून खांबांवर चिकटवतात; मुसलमानांची हिरव्या चौकटीत, ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांची काळ्या. “काळी. माझा भाऊ होता तो,” सेनादामावशींचे दीर म्हणाले. “आणि माझा नवरा,” मावशी म्हणाल्या, “मी मुसलमान, म्हणून हिरवी मागतेय का? चौकटच नको.” मी पडद्यावरची चौकट पुसली. “अहो वहिनी, मग लोकांना लांबून कळणार कसं, आपल्यातला गेला की त्यांच्यातला?” मावशी माझ्याकडे वळल्या. “पोरी, अक्षरं बारीक कर.” मी केली. “अजून.” “मावशी, रस्त्यावरून वाचताच येणार नाहीत!” “नकोच यायला. रंग बघून पुढे जातात मेले. ज्याला जाणून घ्यायचंय त्याने जवळ यावं, माझ्या ल्युबोचं नाव वाचावं.” मी आणखी बारीक केली. दीर वाकले, खिशात चष्मा शोधू लागले.