घुबडाची फाईल

"घुबडाचं चित्र असलेली फाईल म्हणजे व्हायरस! ताबडतोब उडवा आणि सगळ्यांना कळवा!"

मामांचा हा ईमेल सकाळी साऱ्या नातेवाइकांना पोचला. दुपारपर्यंत मावशीच्या कॉम्प्युटरने मान टाकली, काकांचा कॉम्प्युटर मुका झाला आणि दादाचा तर नोकरीची मुलाखत देता देताच बंद पडला. सगळ्यांनी उडवलेलं घुबड कॉम्प्युटरच्याच कामाचं होतं!

कॉम्प्युटर दुरुस्त करणारी भाची घरोघर फिरून मेटाकुटीला आली. शेवटी तणतणत मामांकडे पोचली, तर त्यांचा कॉम्प्युटर ठणठणीत आणि घुबड जागच्या जागी.

"मामा, तुम्ही नाही उडवली ती फाईल?"

"कुठली फाईल?" मामांनी चष्मा पुसत विचारलं.

"अहो, तुम्हीच पाठवलंत ना सगळ्यांना?"



"अगं, आलेलं सगळं वाचत बसलो, तर पुढे कधी पाठवणार?"