मोहोळकर मॅडमभोवतीचं वर्तुळ

तापलेल्या हवेत एक घार पंख न हलवता गोल गोल वर चढत होती. मोहोळकर मॅडमनी आपलं ग्लायडर तिच्या मागोमाग वळवलं, तशी तिथे आधीपासून फिरणारी तीन ग्लायडर एकेक करून बाजूला झाली. तिघेही त्यांचेच विद्यार्थी. मान देतात, असं मॅडमना वाटायचं. घार तेवढी पंखाशेजारी राहिली.

उतरल्यावर त्यांनी त्या तिघांतल्या तन्वीरला गाठलं. "मी आले की पळता का रे सगळे? वर नेणारी हवा वाटून घ्यायची, हे मीच शिकवलं ना?"

तन्वीर घुटमळला. "टक्कर टाळायचं यंत्र सांगतं, मॅडम."

"मला तर कधी सांगत नाही."

त्याने आपल्या यंत्राचा पडदा पुढे केला. वैमानिक किती चटकन सावरतो हे यंत्र रोजच्या उड्डाणांतून शिकायचं आणि त्याच्यापासून इतरांनी किती लांब राहायचं, तेवढं वर्तुळ त्याच्याभोवती काढायचं. स्वतःचं वर्तुळ कुणाला दिसत नसे. बाकीच्यांची टिकलीएवढी होती. मॅडमचं बशीएवढं.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून वाढतंय."



दुसऱ्या दिवशी दोन सीटच्या ग्लायडरपाशी तन्वीर सवयीने पुढच्या, म्हणजे शिकणाऱ्याच्या सीटकडे गेला. तिथे मॅडम पट्टे बांधून बसल्या होत्या.

"मागे बस," त्या म्हणाल्या. "आणि माझं चुकलं, तर यंत्राच्या आधी तू सांग."