उठावंसं वाटेपर्यंत

तुलसानं भाताचा गंज, घरचं मोठं पातेलं, पाण्याच्या काठाशी वाळूत रोवला, अर्ध्यावर पाणी भरलं, दोन मुठी वाळू आत टाकली आणि मागं सरकून कोरड्यात बसली. बुडाला भात करपून चिकटला होता. भिजेल, सुटेल, मग घासता येईल. गावाकडं शेताजवळच्या बोडीवर ती असंच करायची. तळ्याचं पाणी गरीब. ठेवलं तिथंच भांडं सापडायचं.

तिनं पाय लांब केले.

पोरांच्या नाताळच्या सुट्टीत सगळं घर आमगावहून रेल्वेनं निघून कोकणातल्या या समुद्रकाठच्या गावात आलं होतं. धान कापून, चुरून झालं होतं. तिचा नवरा खुमेंद्र म्हणाला होता, "यंदा तुले समिंदर दाखवतो." समुद्र दिसला खरा, पण स्वैपाकघराच्या खिडकीतून, नारळाच्या दोन बुंध्यांमधून, भाताच्या वाफेआडून. कारण तिच्या सासऱ्यांच्या, उदारामजींच्या, घशाखाली इथला लाल जाडा भात उतरत नव्हता. म्हणून घरचा चिन्नोर तांदूळ पोत्यात आला, गंज बोचक्यात आला आणि रांधणारी सोबत आली.

तिनं मनातल्या मनात एकच मागितलं होतं. पाण्याजवळ बसायचं. कोणी हाक मारेपर्यंत नाही, उठावंसं वाटेपर्यंत.

लाट आली. गंजाभोवती फिरून गेली. पुढची जरा वर चढली, त्या लाटेनं गंज आडवा केला, आतली वाळू ओतून घेतली. हलका झालेला गंज उभा राहिला, डुलला आणि निघाला.

तुलसानं पाहिलं. झटकन उठली असती तर हाती लागला असता. तिनं पायांना सांगून पाहिलं. धानाच्या रोवण्याच्या चिखलात कुजलेले, कापणीत भेगाळलेले पाय वाळूत पडून राहिले, दुसऱ्या कोणाचे असावेत तसे.

"सूनबाई," बाजूला बसलेले उदारामजी म्हणाले, "गंज चालला ना वो."

"हव, मामाजी."

"मंग धर ना! पाहून काऊन राहिली?"

म्हाताऱ्यानं उठायला गुडघ्यावर हात टेकला, गुडघा कुरकुरला, हात परत मांडीवर आला.

पाण्यात भिजणारी धाकटी जाऊ योगेश्वरी ओरडली, "अवो बाई, आपला गंज! समिंदराच्या घरी पाहुणे आले वाटते, भात रांधाले घेऊन चालला!" पोरं खिदळली. खुमेंद्र पँट वर करून धावला, कमरेइतका गेला, तोंडावर लाट बसली, खारट थुंकत परत आला. गंज तोवर ऊन चमकवत पार दूर गेला होता.

निथळत तो तुलसासमोर उभा राहिला. "तुयासमोरून गेला. उठाले का झालं होतं तुले?"

"आत्ताच बसली होती," तुलसा म्हणाली. आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. "इथं आल्यापासून आत्ताच बसली होती मी."

"आन रातचा भात कायच्यात रांधशीन?"

तिनं डोळे मिटून घेतले.

खुमेंद्रनं बापाकडं पाहिलं. उदारामजी गंज गेला त्या दिशेनं पाहत होते. मागं गावात घराघरांवर कागदाच्या चांदण्या हलत होत्या. तिकडं मान वळवून ते म्हणाले, "आपुन उतरलो त्या घराच्या फिलोमिनाबाईनं सकाळी का सांगतलं होतं? आज नाताळ हाय, आमच्यातच जेवा म्हणून ना?"

"सांगतलं होतं. तुमीच नाही म्हटलं. लाल भात चालत नाही म्हणून."

"मीच म्हटलं, आता मीच सांगून राहिलो. जाय, सांग तिले, सगळे येतो."

"तुमी खासान?"

"दात गेले, तोंड तं हाय ना! जाय तू."

खुमेंद्र वाळू झटकत गेला. "आयकलं का, सूनबाई," म्हणत उदारामजी वळले. तुलसा बसल्या बसल्या झोपली होती. मान खांद्यावर कलली होती, पदर वाळूत पडला होता, नखांत करपल्या भाताचं काळं होतं.

पाणी चढत होतं. फेसाची कड तिच्या टाचांच्या हातभर खाली येऊन मागं फिरत होती. योगेश्वरी ओली होऊन वर आली. "बाईले उठवून देऊ का?"

"कायले?"

म्हातारा बसल्या जागेवरून घसरत घसरत खाली गेला. तिचे पाय आणि पाणी यांच्या मध्ये, समुद्राकडं तोंड करून बसला. धोतर भिजलं. मग दोन्ही हातांनी ओली वाळू ओढून, थापून, धानाच्या बांधीला पाणी अडवायला घालतात तसा बांध, धुरा, तो सुनेच्या पायांपुढं घालू लागला. लाट आली, थोडा घेऊन गेली. त्यानं पुन्हा वाळू ओढली.