शोकाकुलांची यादी

“मरणाचं काम खेळण्यावर नको,” हरेश्वर म्हणाले.

प्रबुद्धने हातातला टॅब खाली ठेवला नाही. बोरिवलीत त्याचं फ्लेक्सचं दुकान होतं. वाढदिवस, दहीहंडी, श्रद्धांजली, सगळं तो त्या टॅबवरच बनवायचा. “काका, रोजचं काम आहे माझं. मयत कोण?”

“मी.”

गोराईच्या या म्हाताऱ्या कोळ्याचं गुरुवारी हृदयाचं ऑपरेशन होतं. डॉक्टर म्हणाले होते, काळजी करू नका. हरेश्वरांना काळजी फ्लेक्सची होती. त्यांच्या थोरल्या भावाच्या श्रद्धांजलीला घरच्यांनी कुणाच्या तरी लग्नातला फोटो कापून लावला होता. तेरा दिवस नाक्यावर त्याच्या खांद्यावर बांगड्या भरलेला एक हात होता. वहिनी अजून विचारते, हात कुणाचा.

प्रबुद्धने जास्त विचारलं नाही. निवडणुकीत त्याने याहून विचित्र ऑर्डरी घेतल्या होत्या. त्याने हरेश्वरांचा फोटो काढला, बोटाने मागची भिंत पुसली आणि तिथे समुद्र टाकला. हरेश्वर वाकून बघायला लागले. हा ओहोटीचा आहे, म्हणाले, भरतीचा टाक. मग स्वतःच बोट लावून एक कान लहान केला. मग दुसराही करावा लागला. हार आला, समई आली. दोन कबुतरं आली आणि गेली. चहा थंड झाला. दीड तासाने त्यांच्या कपाळावर घाम होता, होडी किनाऱ्यावर ओढून आणल्यासारखा.

“आता शोकाकुल,” प्रबुद्ध म्हणाला. “नावं सांगा.”

हरेश्वरांनी बायकोचं सांगितलं, मग भावकीतली. साडूचं घातलं, काढलं, परत बारीक अक्षरात घातलं. मग टॅबवर सगळ्या नावांच्या वर बोट ठेवलं.

“सगळ्यांत वर दिपेश लिही. मुलगा माझा.”

“ते काय करतात?”

“हेच.” त्यांनी टॅबकडे बोट केलं. “कार्टून काढतो यावर, एका कंपनीत. होडी सोडून गेला. मी म्हटलं, हे काम नाही, टाइमपास आहे. चार वर्षं झाली. तो बोलत नाही, मी पण नाही.”

“ऑपरेशनचं कळवलंय ना त्यांना?”

“फ्लेक्स लागला की कळेल.”

प्रबुद्धचं बोट थांबलं. त्याने टॅब त्यांच्या पुढ्यात सरकवला. हरेश्वर स्वतःच्या हसऱ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी एकेक नाव पुसायला घेतलं. पहिलं साडूचं. वरचं ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ गेलं. हार गेला, समई गेली. राहिला समुद्र, ते स्वतः आणि दिपेशचं नाव.

“आता काय लिहू?” प्रबुद्धने विचारलं.

“लिही, हे काम आहे. मी करून बघितलं. गुरुवारी ऑपरेशन आहे, ये.”

“काका, एक फोन केलात तर...”

“फोनवर मला जमणार नाही.”

प्रबुद्धने अक्षरं ठळक केली. “लावायचा कुठे? गोराईच्या जेट्टीवर?”

“नाही रे. दिपेशच्या बिल्डिंगसमोर. तिसऱ्या माळ्यावरून वाचता येईल, एवढा कर.”